गाडी सुरू होत नाही: सेल्फ आणि इग्निशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी साडेआठ ते दहा या वेळात माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो. माणूस ऑफिसला निघालेला असतो, गाडी जागची हलत नसते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सेल्फ गेला वाटतं." कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करून बरीच वर्षं झाली. बहुतेक वेळा सेल्फ गेलेला नसतो, एवढं छातीठोक सांगतो. फोनवर आणि दुकानात लोक जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलंय. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. सेल्फ म्हणजे नक्की काय? आणि इग्निशन वेगळं का?

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. इंजिनाला पहिली फेरी स्वतःहून मारता येत नाही, कुणीतरी फिरवून द्यावं लागतं. पूर्वी हे काम हँडल करायचं. अँबॅसिडरला पुढून हँडल घालून ज्यांनी फिरवलंय, त्यांना उलटा झटका बसण्याची भीतीही आठवत असेल. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल मागे पडत गेलं. आपण त्या नावातला 'स्टार्टर' गाळला आणि 'सेल्फ' तेवढा ठेवला.

इग्निशन ही पुढची पायरी. इंजिन फिरतंय, आत पेट्रोल-हवेचं मिश्रण आलंय, ते ठिणगीनं पेटवायचं काम इग्निशनचं. त्यात ठिणगी टाकणारा प्लग, त्याला मोठं व्होल्टेज देणारी कॉइल, इंजिन फिरतंय हे कळवणारा क्रँक सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू येतात. गोंधळ एवढाच की किल्लीच्या स्विचलाही आपण 'इग्निशन'च म्हणतो. त्यामुळे कुणी "इग्निशन गेलंय" म्हणालं की मला आधी विचारावं लागतं, स्विच की ठिणगी?

२. गाडी सुरू होत नाही. बघायला सुरुवात कुठून करू?

कानापासून. बॉनेट उघडायच्या आधी एकदा किल्ली फिरवा आणि ऐका. टक-टक किंवा एकच टक आवाज येत असेल तर प्रश्न ३ आणि ४. काहीच आवाज नसेल तर प्रश्न ५. सेल्फ नेहमीसारखा फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर सेल्फ आणि बॅटरीचा विचार सोडून द्या आणि थेट प्रश्न १२ वर जा. ही फोड न करता माणसं नवीन बॅटरी आणतात, ती बसवतात आणि गाडी तशीच उभी राहते.

कुठल्याही तपासणीत सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोडा वेळ प्रचंड ताकद लावायला बनवलेली असते, तासभर चालायला नाही.

३. किल्ली फिरवली की टकटकटकटक असा आवाज येतो. सेल्फ गेला का?

नाही, बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. सेल्फच्या अंगावर सोलेनॉइड नावाचा एक मोठा विजेचा खटका असतो. किल्ली फिरवली की तो ओढला जातो आणि मोटरला बॅटरीचा पूर्ण करंट जोडतो. बॅटरी अशक्त असेल तर मोटरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, खटका सुटतो. भार गेला की व्होल्टेज चढतं, खटका परत ओढला जातो. सेकंदाला अनेकदा हा खेळ चालतो, तोच तो टकटकाट.

आधी टर्मिनल हातानं हलवून बघा. किंचितही फिरत असेल तर आवळा आणि परत मारा.

४. एकदाच जोरात 'टक' होतं आणि मग शांत. हे काय?

इथे मात्र सेल्फवर संशय घ्यायला जागा आहे. हेडलाइट लावा, भिंतीवर उजेड पडेल अशी गाडी उभी असेल तर उत्तम, आणि किल्ली फिरवा. टक झाल्यावर उजेड जवळजवळ तसाच राहिला, तर मोटर करंट घेतच नाहीये: सोलेनॉइडचे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन झिजलेत. उजेड एकदम मलूल झाला, तर एकतर बॅटरी-टर्मिनल कच्चं आहे किंवा मोटर करंट घेऊनही अडकलीय. दिवे पूर्ण विझलेच तर टर्मिनल सैल.

कार्बन झिजले असतील तर जुनी युक्ती चालते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, एकानं किल्ली धरायची आणि दुसऱ्यानं पान्याच्या दांड्यानं सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकायचं. अडकलेला कार्बन सरकतो आणि सेल्फ मारतो. घरी पोचायला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी मात्र सेल्फ खाली उतरवा. कार्बन, बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) आणि कॉन्टॅक्ट बदलून सेल्फ बरेचदा नव्यासारखा होतो. पूर्ण नवा घ्यायच्या आधी तो उघडून दाखवायला सांगा. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, जळून काळं पडलं असेल तर नवा घ्या, घासाघीस करू नका.

५. काहीच आवाज येत नाही, पण डॅशबोर्डचे दिवे लागतात. असं कसं?

सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. सगळ्यात आधी खाली बघा. क्लचखाली नवी जाड मॅट घातलीय का? बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि मॅटमुळे पेडल बोटभर कमी दाबलं जातं. मॅट ओढून काढल्यावर सुरू झालेल्या गाड्या मी मोजायच्या सोडल्या. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पी मध्ये असूनही लागत नसेल तर एन मध्ये टाकून बघा. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक-दिवे लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. लागत नसतील तर ब्रेकचा स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय आणि तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाहीये.

मग रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट जोडणारा खटका. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. सेल्फचा आणि हॉर्नचा रिले अनेक गाड्यांत एकाच जातीचा असतो. नंबर जुळत असेल तर अदलाबदल करा. सेल्फ लागला आणि हॉर्न बंद पडला, तर दोष हातात आला.

एवढं करून नाही जमलं तर किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर. ते टेस्ट लॅम्प लावून बघायचं काम आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

६. हॉर्न वाजतो, दिवे लागतात. मग बॅटरी खराब कशी असेल?

हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात. छोट्या पेट्रोल गाडीच्या सेल्फला शंभर-दीडशे, डिझेलला त्याहून बरेच जास्त. पायरी चढता येते म्हणून माणूस जोतिबाचा डोंगर पळत चढेलच असं नाही.

साधा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना: त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी आणि सेल्फ मारताच ७ वर कोसळणारी बॅटरी आतून मेलेली असते. चार्ज करून ती सुधारत नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ठीक. (काही नव्या गाड्या इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त करतात, तिथे मध्येच १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका.)

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. लोकांना वाटतं थंडी तिला मारते. थंडीत ती उघडी पडते, मारतो उन्हाळा. नागपूर-चंद्रपूरकडच्या गाड्यांची बॅटरी आमच्याकडच्यापेक्षा लवकर का जाते, त्याचं उत्तर मे महिन्यात आहे.

७. टर्मिनलवर पांढरी-निळसर पावडर येते. कोकाकोला ओतू का?

नको, चिकट होतं. काळी म्हणजे निगेटिव्ह केबल आधी काढा, मग लाल. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरनं टर्मिनल आतून चकचकीत करा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. लावताना क्रम उलटा, लाल आधी. गाडी कोकणात असेल तर खाऱ्या हवेमुळे हे दर पावसाळ्याआधी करा.

८. दोनदा सेल्फ बदलला, तरी तोच त्रास. आता तिसरा घेऊ का?

घेऊ नका. तुमचा प्रश्न वाचून मला एक हॅचबॅक आठवली. इस्लामपूरच्या एका गृहस्थांची. दोन गॅरेजं फिरून आलेली, दोन सेल्फ आणि एक बॅटरी नवी. सकाळी गाडी उचलायची नाही, दुपारी उचलायची. सेल्फ 'घर्... घर्...' असा दमल्यासारखा फिरायचा.

मी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, म्हणजे बॅटरीच्या खुंटीवर धरली, केबलवर नव्हे, आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर. मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं, दिसले १.९. म्हणजे परतीच्या वाटेवर जवळजवळ दोन व्होल्ट गळत होते. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून गिअरबॉक्सला जी अर्थिंगची पट्टी जाते ती बाहेरून धड होती. बोल्ट सोडला तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं, आणि त्याखाली रंगाचा थर. अपघाताचं काम झालं तेव्हा रंगाऱ्यानं ती जागा न झाकता रंग मारलेला आणि त्यावरच बोल्ट आवळलेला. रंग खरवडला, नवा लग दाबला, बोल्ट आवळला. पहिल्याच किल्लीला गाडी उचलली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, डिकीतला जुना सेल्फ तेवढा मला दाखवला.

लाल बाजूलाही हीच परीक्षा करा: बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ मारताना, अर्ध्या व्होल्टच्या आत. ह्या दोन मापांना पाच मिनिटं लागतात. ती न घेता सेल्फ बदला म्हणणाऱ्याला माप घेऊन दाखवायला सांगा.

९. बॅटरी उतरलीय. ढकलस्टार्ट करू की जंपर लावू?

जंपर. क्रम पाठ करा: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग सेल्फ मारा. चिमटे उलटे लागले तर अल्टरनेटरचे डायोड आणि मेन फ्यूज क्षणात जातात, तेव्हा अंधारात मोबाईलचा उजेड धरून प्लस-मायनस वाचा.

ढकलायचंच असेल तर मॅन्युअल गाडी, दुसरा गिअर, सपाट रिकामा रस्ता, आणि बॅटरीत निदान डॅशबोर्ड लागण्याइतका जीव हवा. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर ईसीयू आणि पेट्रोल पंप जागेच होत नाहीत, मग गल्लीतली दहा पोरं ढकलून दमली तरी उपयोग नाही. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही. उतारावर इंजिन बंद ठेवून गाडी सोडू नका. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

१०. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढलं की अल्टरनेटर कळतो म्हणतात. खरं का?

फियाटच्या काळात करायचे. आजच्या गाडीत करू नका, कुणाला करू देऊ नका. बॅटरी मध्येच सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूला धोका होतो. मल्टिमीटरनं हेच काम होतं (प्रश्न ६).

११. आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवीन आहे.

काहीतरी गुपचूप करंट पितंय. गाडी लॉक होऊन झोपली की ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन आठवडे तरी तग धरते. हाच करंट २०० मिलिअँपिअर झाला तर आठवड्यात बॅटरी रिकामी.

पहिला संशय बाहेरून बसवलेल्या गोष्टींवर: डॅशकॅम, जीपीएस, म्युझिक सिस्टिम, पायाखालच्या निळ्या लाइटी. मग डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा. मोजताना मीटर निगेटिव्ह केबलच्या मध्ये १० अँपिअरच्या रेंजवर लावतात आणि गाडीतले कंट्रोल युनिट झोपेपर्यंत अर्धा तास थांबतात. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो.

१२. सेल्फ मस्त फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. आता?

ठिणगी, इंधन किंवा परवानगी, तिघांपैकी एक गायब आहे. परवानगी म्हणजे इमोबिलायझर, तो प्रश्न १३ मध्ये.

इंधनासाठी किल्ली फक्त ऑन करा, मागच्या सीटखाली दोन सेकंद 'ऊंऽऽ' असा पंपाचा आवाज यायला हवा. खिडक्या बंद करून ऐका. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले. आणि हसू नका, पण टाकीत पेट्रोल आहे का बघा. काट्यावर विश्वास ठेवून फसलेले खूप येतात.

पंप आहे, तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो. अजिबात हलला नाही तर क्रँक सेन्सरवर संशय. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी ०३३५ हा कोड त्याच सर्किटचा.

पाच-सहा वेळा मारून आत पेट्रोलचा वास आला तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत त्या स्थितीत ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि सिलिंडर सुकतात.

एक आवाज ओळखायला शिका. सेल्फ नेहमी 'घुर्र-घुर्र-घुर्र' असा तालात फिरतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाबताना तो अडखळतो. तो ताल जाऊन एकसारखं 'सुंईऽऽ' झालं, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) तुटला असेल. पुन्हा एकदाही मारू नका. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टोइंग बोलवा.

१३. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय. गाडी एक सेकंद सुरू होऊन बंद पडते.

इमोबिलायझरला किल्ली ओळखू येत नाहीये. किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तिचा नंबर जुळला नाही तर ईसीयू इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) चालवत नाही. कंपनीनं दिलेली दुसरी किल्ली वापरून बघा. तिनं सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लीत. एकाच कडीत दोन गाड्यांच्या किल्ल्या असतील तर वेगळ्या करा. बटण-स्टार्टमध्ये रिमोटचा सेल संपला असेल, तर रिमोटच बटणाला टेकवून दाबा. पुष्कळ गाड्यांत अशी सोय असते. सेल बहुधा सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

दुसरी किल्ली हरवलीय म्हणून निवांत असाल तर पहिली चालतेय तोवरच नवी कोड करून घ्या. दोन्ही गेल्यावर खर्च आणि खेटे दोन्ही वाढतात.

१४. थंड असताना सुरू होते, पण हायवेवर चहाला थांबलो की परत होत नाही. अर्ध्या तासानं आपोआप होते.

परत कान. गरम असताना सेल्फ जड, दमलेला फिरत असेल तर सेल्फचे बुश किंवा केबल. तापलेल्या तांब्याचा आणि खराब जोडाचा विरोध वाढतो. सेल्फ बहुतेकदा सायलेन्सरच्या पाइपाजवळ भाजत असतो. सेल्फ छान फिरून इंजिन पकडत नसेल तर माझं पहिलं बोट क्रँक सेन्सरवर. त्याची आतली तार तापली की सर्किट तुटतं, निवली की जुळतं. खात्री करायची तर गाडी रुसलेली असताना सेन्सरवर ओला कपडा ठेवा. दहा मिनिटांत सुरू झाली तर सेन्सर मागवा.

१५. प्लग कधी बदलायचे? जुन्या प्लगवरून काय कळतं?

किलोमीटरचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे, तोच पाळा. साधे निकेलचे प्लग लवकर झिजतात, इरिडियमचे लाखभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. गॅप साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर, इरिडियमचं टोक नाजूक असतं, त्याला पान्यानं वाकवत बसू नका.

टोकाचा रंग चहाच्या दुधाळ तांबूस रंगाचा असेल तर इंजिन सुखात आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओलं, चिकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, इंजिन तापतंय. प्लग थंड इंजिनात काढा, नवा आधी हातानं पूर्ण फिरवा, मग पाना. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की प्लगच्या किमतीत काम होत नाही.

१६. गाडी मिसिंग करते. कॉइल गेली की प्लग?

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर शोधणं सोपं. कोड पी ०३०१ आला म्हणजे एक नंबरचा सिलिंडर मिस करतोय, त्यात मिश्रण नीट पेटत नाहीये. इंजिन बंद करून एक नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची एकवर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी ०३०३ आला तर कॉइल खराब, दोष तिच्याबरोबर सरकला. पी ०३०१ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही तिथेच, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

प्लगची वायर काढून हातात धरून ठिणगी बघायची पद्धत विसरा. आजच्या कॉइलचं व्होल्टेज तीस-चाळीस हजारांपर्यंत जातं. मिस करणारी गाडी महिना-महिना चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग सेल्फ-बॅटरी दोन्हींपेक्षा महाग आहे.

१७. पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर झटके मारते.

सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दुबळे प्लग आणि कॉइल आधी सीएनजीवर उघडे पडतात. प्लग बदलून बघा, मगच किटवाल्याकडे जा. दुसरं, बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीत वर्षभर दोन लिटरच पेट्रोल ठेवलं तर पंप कोरडा तापून जळतो आणि सकाळी प्रश्न १२ तुमच्या दारात येतो.

१८. माझी गाडी डिझेल आहे. प्लगची तक्रार मला कशी?

डिझेलमध्ये ठिणगीच नसते, हवा दाबून इतकी तापवली जाते की डिझेल आपोआप पेटतं. पिवळ्या वेटोळ्याचा दिवा असतो तो ग्लो प्लगचा, सिलिंडर आधी गरम करायला. तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारा. महाराष्ट्रातल्या बहुतेक सकाळी ग्लो प्लग मेलेला असूनही गाडी सुरू होते, महाबळेश्वरला डिसेंबरात मुक्काम केला की समजतं. डिझेल पकडत नसेल तर फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा, फिल्टरमधलं पाणी आणि हळू फिरणारा सेल्फ हे तीन बघा. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल जातं तिथे, सेल्फ पुरेसा वेगानं फिरला नाही तर रेलमध्ये दाब बनत नाही, त्यामुळे 'इंजेक्टर गेले' वाटणारी तक्रार नुसत्या बॅटरीनं सुटलेली मी पाहिलीय.

१९. पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारू का?

नाही. एकदाही नाही. हे उत्तर मी २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दिवसाला कितीतरी वेळा दिलंय. हवेच्या पाइपातून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर पिस्टन ते पाणी दाबू बघतो. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, गाडी उचलून न्या. मेकॅनिक प्लग काढून इंजिन हातानं फिरवेल, पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल, ऑइल बदललं की बरेचदा इंजिन वाचतं. साध्या विम्यात सेल्फ मारल्यानं झालेलं इंजिनाचं नुकसान बहुधा नाकारतात; त्यासाठी इंजिन प्रोटेक्टची पुरवणी लागते.

नुसत्या पावसात भिजून मिस करणारी गाडी वेगळी. कॉइलच्या खड्ड्यात पाणी साचलंय का बघा, सुकवा.

२०. उंदरांनी वायरी खाल्ल्यात. कुठे शोधू?

धान्याच्या दुकानाशेजारी उभ्या राहणाऱ्या एका गाडीत मला इंजिनाच्या कव्हरखाली शेंगांची टरफलं, फडक्याच्या चिंध्या आणि क्रँक सेन्सरची अर्धी वायर एकाच घरट्यात सापडली. तेव्हा आधी कव्हर उचला, मग इंजेक्टर आणि सेन्सरच्या बारीक वायरी बोटानं चाचपा. चावलेली वायर सोल्डर करून श्रिंक ट्यूब घाला, नुसता टेप पावसाळा काढत नाही. तंबाखूची पानं ठेवायचा उपाय पुष्कळ जण करतात. आमच्याकडे तंबाखू मुबलक, उंदीरही मुबलक.

२१. किल्ली फिरतच नाही. किंवा फिरते, पण हलवल्यावर गाडी बंद पडते.

फिरतच नसेल तर स्टिअरिंग लॉक आहे. एका हातानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्यानं किल्ली फिरवा. जोर लावून किल्ली मोडू नका.

चालत्या गाडीत किल्ली हलली की इंजिन किंवा डॅशबोर्ड बंद होत असेल तर स्विच झिजलाय, आजच बदला. घराच्या, दुकानाच्या, लॉकरच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच कडीत लटकवू नका. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलवाव्या लागल्या: स्विचचा खटका कमजोर, किल्ली सरकली की इंजिन बंद आणि एअरबॅगही निकामी.

२२. सेल्फ नुसता 'झुंई' करून फिरतो, इंजिन हलत नाही. कधी खर्रकन आवाज येतो.

झुंई म्हणजे बेंडेक्स (सेल्फला इंजिनाच्या फ्लायव्हीलशी जोडणारा दात्यांचा भाग) घसरतोय. तेवढा भाग अनेक सेल्फमध्ये वेगळा बदलता येतो. खर्र म्हणजे फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खाल्लेत किंवा सेल्फचे बोल्ट ढिले आहेत. बोल्ट आधी तपासा. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहिला तर किल्ली बंद करा, आणि तरी थांबला नाही तर बॅटरीची निगेटिव्ह केबल ताबडतोब काढा. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, केबल पेटू शकते.

२३. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ नसतो, मग ती का सुरू होत नाही?

तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच. दरवाजे, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे खटके तिच्यावर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी मख्ख. मोठ्या व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावू नका, छोटी बॅटरी मात्र प्रश्न ६ प्रमाणे मोजा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर बॅटरी बदलताना ईएफबी किंवा एजीएम (वारंवार सुरू-बंद सोसणाऱ्या बॅटरीच्या जाती), जी मूळची असेल तीच घ्या. साधी बसवली तर काही महिन्यांत परत फोन येतो.

२४. घरी दहा वेळा दगा देते आणि तुमच्याकडे आणली की पहिल्या किल्लीला सुरू. लाज वाटते.

वाटून घेऊ नका, निम्मी गिऱ्हाइकं हेच म्हणतात. पुढच्या वेळी रुसली की मोबाईलवर व्हिडिओ घ्या. कॅमेरा डॅशबोर्डवर धरा, खिडक्या बंद, गाणी बंद, एसी बंद. किल्ली आधी ऑनवर आणून तीन सेकंद थांबा म्हणजे पंपाचा आवाज आणि दिवे दोन्ही येतील, मग सेल्फ मारा. त्यानंतर बोलून टाका: इंजिन थंड होतं की गरम, रात्री पाऊस होता का, शेवटचं पेट्रोल कधी भरलं. तो व्हिडिओ पाठवा. गाडी दुसऱ्या दिवशी आणली तरी चालेल.